सिएना बघायचं तर समोरच्या टेकडीवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या मध्याला आई-बाबांना घेऊन इटलीला चालला आहात. मुक्काम फ्लॉरेन्सला, तिथून एका दिवसात सिएना करून परत यायचं. एक मिररलेस कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स आणि एक ७०-३०० मिलिमीटरची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे. सगळ्यांकडे असतात तसे पोस्टकार्डी फोटो नकोत, तर काय करावं?

सगळ्यात आधी बेत बदला. फ्लॉरेन्समधली एक रात्र कमी करा आणि ती सिएनात काढा. मी वीसेक वर्षं छोटे गट घेऊन फोटोग्राफीसाठी फिरतोय आणि सिएनाला बऱ्याच वेळा गेलोय. फोटोंच्या बाबतीत कुठलाही फिल्टर, कुठलीही महागडी लेन्स एवढा फरक पाडत नाही, जेवढा ती एक रात्र पाडते. दिवसभराच्या सहलीवाले साडेनऊ-दहाला पोचतात आणि पाच-साडेपाचला परतीच्या बसला लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य उगवतो सकाळी साडेसातच्या आसपास आणि मावळतो संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. म्हणजे चांगला उजेड असतो तेव्हा ही मंडळी तिथे नसतात, आणि असतात तेव्हा ऊन डोक्यावर असतं. गर्दी कशी टाळायची याचं उत्तरही यातच आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी. सिएना हे डोंगरमाथ्यावरचं शहर आहे असं आपण म्हणतो, पण तो एक माथा नाही. तीन धारा एका ठिकाणी येऊन मिळतात, नकाशावर उलट्या वाय अक्षरासारख्या, आणि शहर त्या तिन्हींवर वसलंय. शहराचे जुने तीन भागही याच तीन धारांवरचे: चित्ता, सान मार्तिनो आणि कामोल्लिया. मधे उतार आणि दऱ्या. त्यामुळे या शहरात एक सोय आहे जी सपाटीवरच्या फ्लॉरेन्सला नाही: एका धारेवर उभं राहून दुसरी धार समोर, डोळ्यांच्या पातळीवर बघता येते. गल्लीत उभं राहून तुम्हाला भिंत दिसते. समोरच्या टेकडीवर गेलात की शहर दिसतं.

दऱ्या अजून हिरव्या का, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तुमच्या फ्रेममध्ये ती हिरवाई येणार आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिएना श्रीमंत होतं आणि अजून वाढणार या हिशेबाने तटबंदी मोठी घेतली होती. १३४८ साली प्लेग आला, शहराची फार मोठी वस्ती गेली आणि तटाच्या आतली ती मोकळी जागा कधी पूर्ण भरलीच नाही. म्हणून आजही तटाच्या आत जैतुनाची झाडं, भाजीचे वाफे, कुरणं आहेत. नगरपालिकेच्या वाड्याच्या, पालाझ्झो पुब्लिकोच्या, पाठीमागे उतरलात की दहा मिनिटांत ओर्तो दे पेच्ची नावाच्या दरीत पोचता. तिथून मान वर केली की शेताच्या बांधावरून त्या वाड्याचा मनोरा दिसतो. हा फोटो फार कमी लोक घेऊन येतात, कारण तिथे जायला उतरावं लागतं आणि मग परत चढावं लागतं.

तुमच्या पहिल्या संध्याकाळची जागा मी ठरवून देतो: सान डोमेनिको. वायव्येच्या टोकाला असलेलं विटांचं प्रचंड, अगदी साधं चर्च. त्याच्या कडेने कांपोरेजिओ नावाची गल्ली खाली उतरते. तिथल्या कठड्याशी पाच वाजताच जाऊन उभे राहा. समोर फोंतेब्रांदाची दरी आणि पलीकडच्या धारेवर दुओमो, म्हणजे कॅथीड्रल, सरळ रेषेत जेमतेम तीनशे मीटरवर. त्याच्या खाली घरांचे थर एकावर एक रचलेले. तुमचं तोंड आग्नेयेला असतं आणि मावळतीचं ऊन उजव्या खांद्यामागून येतं, म्हणजे प्रत्येक घराची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत राहते. या कडेच्या उजेडामुळेच घरं एकमेकांपासून सुटी दिसतात. सकाळी हीच जागा कुचकामी, कारण सूर्य समोरच्या बाजूने येतो आणि सगळं धुरकट दिसतं.

इथे तुमची ७०-३०० काढा. डोंगरावरच्या शहराची खरी लेन्स टेली, असं माझं ठाम मत आहे. वाइड लेन्सने उतार सपाट होतो, लांबची धार आणखी लांब जाते आणि अर्ध्या फ्रेममध्ये नुसतं आकाश येतं. टेलीने थर एकमेकांवर दाबले जातात आणि शहर जसं रचलंय तसं दिसतं. शंभर ते दोनशेच्या मध्ये राहा, आकाश पूर्ण बाहेर ठेवा आणि एकदा तरी दुओमोसुद्धा बाहेर ठेवून नुसत्या घरांची फ्रेम घ्या. खिडक्या, वाळत घातलेले कपडे, कौलांवरचं शेवाळ, एखादी उघडी गच्ची. माझ्या गटातल्या लोकांना मी तिथे अर्धा तास एकच फ्रेम धरायला लावतो. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. मग एका खिडकीत दिवा लागतो, मग दुसरीत. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाशाचा निळा आणि खिडक्यांचा पिवळा एका तोलावर येतात. तो तोल सात-आठ मिनिटंच टिकतो. नंतर आकाश काळं होतं आणि दिवे जळून पांढरे पडतात.

ट्रायपॉड नेऊ नका. विमानात वजन, गल्ल्यांत अडथळा, आणि आई-बाबा बरोबर असताना तो उघडण्यात जाणारा वेळ त्यांच्या वाट्याचा असतो. त्याऐवजी एक कापडी पिशवी न्या. तिथल्या दुकानातून किलोभर तांदूळ घ्या, पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि ती कठड्यावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवा. आयएसओ २००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. चार सेकंदांचं एक्स्पोजरसुद्धा खणखणीत येतं. गळ्यातला पट्टा मात्र मनगटाला गुंडाळून ठेवा, कठड्याखाली दरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोब्बर उलट टोकाला जायचं. आग्नेयेला सांता मारिया देई सेर्वी हे चर्च आहे, थोड्या उंचवट्यावर, समोर रुंद पायऱ्या. तिथे पाठीमागून सूर्य उगवतो आणि समोर अर्ध्या किलोमीटरवर तोर्रे देल मांजा हा मनोरा आणि त्याच्या डावीकडे दुओमो, दोन्ही समोरून उजळतात. ऑक्टोबरात कधी कधी दऱ्यांत धुकं असतं. असलं तर तुमचं नशीब. पायऱ्यांवर बहुधा तुम्ही एकटेच असाल. मी एकदा गेलो तेव्हा एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले, पायऱ्यांवर बसले, दहा मिनिटं शहराकडे बघितलं आणि निघून गेले. मी त्यांचा पाठमोरा फोटो काढला, समोर धुक्यातून वर आलेला मनोरा. सिएनाचे माझ्याकडे हजारो फोटो आहेत, पण घरात भिंतीवर तोच लावलाय.

आता चौकाबद्दल, कारण तिथे तुम्ही जाणारच आणि जायलाही हवं. पियाझ्झा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूला उतरता चौक. विटा तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या बसवलेल्या, आणि पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडलेले. १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघायचं, ते नऊ भाग त्यांच्या आठवणीचे. उताराच्या तळाशी पालाझ्झो पुब्लिको आणि त्याच्या कडेला १३३८ ते १३४८ मध्ये बांधलेला मनोरा.

वरच्या कडेला उभं राहून वाइडने चौक आणि मनोरा एकत्र घ्यायचा, हा तुमच्या भाषेतला पोस्टकार्डी फोटो. एक काढा, आई-बाबांना मधे उभं करून काढा, आणि पुढे चला. मला त्या चौकात खाली बघायला आवडतं. पाऊस पडून गेला असेल तर धावत जा. सगळं पाणी त्या नऊ भागांच्या उताराने वाड्यासमोरच्या सगळ्यात खोल जागी जातं, तिथे पांढऱ्या दगडात कोरलेलं गटाराचं तोंड आहे. गुडघ्यावर बसून कॅमेरा विटांपासून वीतभर उंचीवर धरा. ओल्या विटेचा रंग दोन छटांनी गडद होतो, सांध्यांतलं पाणी आकाशाचा उजेड घेतं आणि तिरप्या रचनेच्या शेकडो चमकत्या रेषा मनोऱ्याकडे वळतात. विटा शतकानुशतकं पायांखाली झिजल्यात, कडा गोल झाल्यात, काही नव्या बसवलेल्या लगेच ओळखू येतात. ओल्या विटांवरून पाय सटकतो, बाबांचा हात धरा.

मनोऱ्यावर चढायचं का? चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, अरुंद. आई-बाबांना नका नेऊ. तुम्ही जाणार असाल तर सकाळी दहा-अकराला जा, तेव्हा मनोऱ्याची स्वतःची सावली चौकावर आडवी पडलेली असते, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि ती हळूहळू सरकते. वरून माणसं ठिपक्यांएवढी. सावलीच्या कडेने चालणारा एखादा माणूस फ्रेममध्ये येईपर्यंत थांबा. वर जाऊन उतरायची घाई केलीत तर ही फ्रेम मिळत नाही.

मनोरा आणि फाच्चातोने यांतलं एकच करायचं असेल तर मी दुसरं निवडेन. त्यामागे कथा आहे. १३३९ मध्ये सिएनाने ठरवलं की आपलं कॅथीड्रल इतकं मोठं करायचं की जुनी इमारत नव्याची नुसती आडवी भुजा व्हावी. भिंती उभ्या राहिल्या आणि १३४८ च्या प्लेगनंतर काम थांबलं ते कायमचं. त्या न झालेल्या चर्चची एक उंच भिंत अजून उभी आहे, तीच फाच्चातोने. कॅथीड्रलच्या म्युझियममधून अरुंद गोल जिन्याने त्या भिंतीच्या माथ्यावर जाता येतं. थोड्या थोड्या लोकांनाच सोडतात, रांगेला वेळ धरा. दुपारनंतर गेलात तर ऊन तुमच्या मागून चौकावर आणि मनोऱ्यावर पडतं. मनोऱ्यावरून मनोराच दिसत नाही, इथून तो दिसतो. साधं कारण आहे, पण पुष्कळ लोक तिथेच चुकतात.

दुओमोच्या आत पांढऱ्या आणि काळपट हिरव्या संगमरवराचे आडवे पट्टे आहेत. कॅमेऱ्याचं मीटर तिथे गोंधळतं. पांढरे पट्टे बघून एक्स्पोजर ठेवा आणि सावल्या नंतर रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, वर काढा. जमिनीवर संगमरवरात कोरलेली आणि जडवलेली छप्पन चित्रं आहेत. बरीचशी वर्षभर झाकलेली असतात आणि उन्हाळ्यापासून शरदापर्यंत काही आठवडेच उघडी ठेवतात. तुमच्या तारखा त्या काळात बसतात का, हे तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. उघडी असली तर अख्खं चित्र एका फ्रेममध्ये कोंबायच्या मागे लागू नका. एक चेहरा, एक हात, दगडात बसवलेल्या काळ्या रेषेचा एक वळसा. ते जवळून बघा.

रंगाबद्दल थोडं लांबवर लिहितो, कारण सिएनाचे नव्वद टक्के फोटो इथे मार खातात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या पेटीत 'बर्न्ट सिएना' नावाची नळी असायची. ते नाव याच शहराचं. लोह असलेली पिवळसर तपकिरी माती, ती 'रॉ सिएना'. तीच भाजली की तांबूस होते, ती 'बर्न्ट सिएना'. आणि वीट म्हणजे तरी काय, भाजलेली मातीच. हे सगळं शहर त्या नळीतल्या रंगाचं आहे. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा तोल त्याचा त्याने ठरवायच्या सेटिंगवर, ठेवलात की चौकटभर तांबडा रंग बघून तो त्याला दोष समजतो आणि निळा मिसळून टाकतो. मग घरी आल्यावर फोटो राखाडी दिसतो आणि आपण सॅच्युरेशन वाढवून तो नारिंगी करून टाकतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, ५२०० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान, दिवसभर एकच ठेवा. रॉमध्ये काढा.

अरुंद गल्ल्यांत आणखी एक गंमत बघायला मिळते. भर दुपारी, जेव्हा बाहेर उघड्यावर ऊन रखरखीत असतं, तेव्हा गल्लीच्या एका बाजूच्या वरच्या मजल्यांवर ऊन पडतं आणि तिथून तांबूस उजेड समोरच्या सावलीतल्या भिंतीवर येतो. आपल्याकडच्या वाड्याच्या चौकात दुपारी ओसरीवर जसा मऊ उजेड येतो, तसाच, फक्त त्यात विटेचा रंग मिसळलेला. दुपारी बारा ते तीन हा वेळ वाया जातो असं सगळे सांगतात. सिएनात तो वेळ गल्ल्यांचा. आकाशाची पट्टी आणि उन्हातला भाग फ्रेमच्या बाहेर ठेवा आणि त्या परतलेल्या उजेडात माणसांचे चेहरे काढा. आई-बाबांचा सगळ्यात चांगला फोटो तुम्हाला तिथेच मिळेल, दाराच्या उंबऱ्याशी, काम्पोत नाही.

एक तास कॅमेरा पिशवीत ठेवायचा आहे. पालाझ्झो पुब्लिकोतल्या एका दालनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची. चांगल्या कारभाराच्या लांब भिंतीवर डावीकडे शहर आहे: गवंडी छतावर काम करतायत, दुकानं उघडी आहेत, मुली फेर धरून नाचतायत. मध्ये तट आणि वेस. वेशीतून घोड्यावरचे लोक बाहेर पडतायत आणि एक शेतकरी खांद्यांभोवती पांढरा पट्टा असलेलं डुक्कर हाकत शहरात येतोय. उजवीकडे शेतं, टेकड्या, लांबपर्यंत. शहर आणि शेत एका फ्रेममध्ये, थोडं उंचावरून, मध्ये वेस. हे बघून बाहेर पडा आणि ओर्तो दे पेच्चीत उतरा. काय काढायचं हे मला सांगावं लागणार नाही.

माणसांविषयी. सिएनात सतरा कोन्त्रादा आहेत, म्हणजे मोहल्ले, पण आपल्या मोहल्ल्यापेक्षा नातं घट्ट. प्रत्येकाचा प्राणी किंवा चिन्ह, रंग, झरा, चर्च. भिंतींवरच्या छोट्या पाट्यांवरून तुम्ही कुठल्या कोन्त्रादात शिरलात ते कळतं: हंस, गोगलगाय, लाट, घुबड. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोत होणारी पालिओ ही घोड्यांची शर्यत यांचीच. सतरांपैकी दहा धावतात, तीन फेऱ्या, खोगिराशिवाय, आणि दीड मिनिटाच्या आत सगळं संपतं. ऑक्टोबरात तुम्हाला ती दिसणार नाही. पुढे कधी त्यासाठी गेलात तर शर्यतीच्या आधीच्या दिवसांत होणाऱ्या सराव फेऱ्यांना जा. तिथे जागा मिळते, घोडे तेच असतात, आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ते १/६० शटरवर फोटो काढायचा सराव तुमचाही होतो.

पण कोन्त्रादा वर्षभर जिवंत असतात. गल्लीत ढोल ऐकू आला तर आवाजाच्या दिशेने जा. फोंतेब्रांदाच्या उतारावर मला एकदा बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकटाच झेंडा फिरवायचा सराव करताना दिसला. झेंडा वर फेकायचा, पाठीमागे झेलायचा, चुकला की पुन्हा. मी कॅमेरा दाखवून मान हलवली. त्याने दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं, ती हो म्हणाली, मग मी फोटो काढले. लहान मुलांच्या बाबतीत हे असंच करायचं. मोठ्यांनाही कॅमेरा किंचित उचलून 'पोस्सो?' एवढं विचारलं तरी पुरतं. नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं. कोन्त्रादाचं जेवण किंवा मिरवणूक चालू असेल तर ती त्यांच्या घरची गोष्ट असते. कडेला उभे राहा, मधे घुसू नका.

फोंतेब्रांदाचा उल्लेख आलाच आहे तर तिथे थांबा. तेराव्या शतकातलं पाणवठ्याचं दालन, तीन टोकदार कमानी, आत कुंड. पाणी शहराखाली खोदलेल्या बोगद्यांतून येतं, त्यांना बोत्तिनी म्हणतात, सगळे मिळून पंचवीसेक किलोमीटर. उन्हाच्या वेळी पाण्यावरचा उजेड कमानीच्या आतल्या छतावर हलत राहतो. शटर १/१५ च्या आसपास ठेवलं की तो हललेला दिसतो.

आई-बाबांसाठी: फ्लॉरेन्सहून बसने या. बस वरच, जुन्या शहराच्या काठाशी सोडते. रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे आणि तिथून वर यायला सरकत्या जिन्यांची लांब साखळी आहे. सामान घेऊन बस बरी. भाड्याच्या गाडीने येत असाल तर तटाच्या आत शिरू नका, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड घरी येतो. हॉटेल सान डोमेनिकोच्या बाजूला घ्या, म्हणजे संध्याकाळी त्यांना चढउतार न करता तुमच्याबरोबर कठड्यापर्यंत येता येईल. निळ्या वेळेची ती सात-आठ मिनिटं येईपर्यंत वारा बोचरा होतो. दोघांच्या शाली बरोबर ठेवा, आणि तांदळाची पिशवी हॉटेलात विसरू नका.